पन्नास वॉटचा अबोला

आमच्या भावोजींची गाडी येते आहे हे आधी झाडांच्या फांद्यांना कळायचं, मग दुकानांच्या पाट्यांना आणि सगळ्यात शेवटी माणसांना. टपावर छडीसारखी लांब अँटेना होती आणि ती वाटेत भेटेल त्याला टपली मारत यायची. चष्मेवाल्याच्या पाटीवर दोन टपोरे डोळे रंगवलेले होते, त्यातल्या एकाची बाहुली तिने कधीच खरवडून नेली होती. नवख्या माणसाला वाटायचं पोलीस आले. जुन्यांना माहीत होतं, शिलाई मशीनवाला आला.

धंदा तोच. घरोघरी जाऊन शिलाई मशीनं दुरुस्त करायची. मागच्या सीटवर पट्टे, सुया, बॉबिनची खोकी आणि तेलाच्या बाटल्या. त्या गाडीत एकदा बसलेल्या माणसाने अंगाला अत्तर लावलं तरी लोक विचारायचे, मशीन घेतलं का नवं? पुढे स्टिअरिंगच्या शेजारी मात्र एक काळा डबा होता, जाडजूड पुस्तकाएवढा, पट्टीने आवळून बसवलेला. त्याच्यावर तेलाचा थेंब पडलेला भावोजींना चालायचा नाही. हा त्यांचा रेडिओ. गाणी ऐकायचा नव्हे, दोन्हीकडून बोलायचा. हौशी लोकांसाठी एक परीक्षा असते, ती दिली की परवाना मिळतो, एक सांकेतिक नाव मिळतं, आणि मग माणूस पदरच्या सेटवरून हवेत बोलू शकतो. माझी बहीण, म्हणजे ताई, म्हणायची, "बोलायला परवाना हवा, हा कायदा सोन्यासारखा आहे. पण तो काढला कोणी, तर आमच्या घरातल्या मुक्याने."

कारण भावोजी जन्माचे मुखदुर्बळ. जेवताना मीठ हवं असलं तर ते बरणीकडे बघत बसायचे आणि ताईचं लक्ष त्यांच्या नजरेकडे कधी जातं याची वाट बघायचे. सेटसमोर बसले की मात्र वाचा फुटायची. माईकच्या कडेचं बटन दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. आपलं झालं की "ओव्हर" म्हणायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की आता त्याची पाळी. लग्न लावतानाच हा नियम सांगायला हवा होता, असं ताईचं म्हणणं.

सेट पन्नास वॉटचा. लोक पोराचे मार्क सांगतात त्या सुरात भावोजी हा आकडा सांगायचे. सेटची ताकद कमी करायचंही एक छोटं बटन होतं, पन्नासावरून पाचावर आणायचं. ते त्यांनी कधी दाबलेलं मी पाहिलं नाही. त्या बटनावरचा दुकानातला पारदर्शक कागदसुद्धा तसाच होता.

हा नाद त्यांना लावला थोरल्या भावाने. आम्ही सगळे त्यांना थोरलेच म्हणायचो. दोघा भावांचं मिळून एक दुकान होतं. अर्ध्या भागात थोरले रेडिओ उघडून बसलेले, अर्ध्या भागात भावोजी मशीन उघडून. आणि दोघांपैकी कुणीही उघडलेली वस्तू कबूल केलेल्या दिवशी बंद करून दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. थोरल्यांनी धाकट्याला सेट शिकवला, अँटेना शिकवली आणि चालरीत शिकवली. बोलण्याआधी ऐकावं. कुणी हाक दिली तर तो कोण हे न बघता उत्तर द्यावं. काम भागेल इतकीच ताकद वापरावी. बिघाड आधी आपल्या टोकाला शोधावा, मग दुसऱ्याला नावं ठेवावीत. थोरले हे अशा आवाजात सांगायचे की जणू हवा त्यांनीच तयार केली आहे, आणि धाकटे अशा चेहऱ्याने ऐकायचे की जणू ते सगळं पाळणारच आहेत.

मग शिडीचा प्रकार झाला.

दुकानाच्या छपरावर नवी अँटेना चढवायची होती. थोरले वर, भावोजी खाली शिडी धरून. तेवढ्यात दुकानात एक बाई अडकलेलं मशीन घेऊन आल्या. भावोजी "आलोच" म्हणून आत गेले, बाहेर शिडी सरकली, थोरले पडले. पाय मोडला आणि जोडला गेला तो किंचित आखूड. दवाखान्यात थोरले म्हणाले, "तू शिडी सोडलीस." भावोजी म्हणाले, "मी सांगून गेलो होतो." थोरले म्हणाले, "मला ऐकू आलं नाही."

एवढंच भांडण. शिवी नाही, वकील नाही, आदळआपट नाही. एक म्हणायचा सांगितलं होतं, दुसरा म्हणायचा ऐकू आलं नाही, आणि बहुधा दोघेही खरं बोलत होते, म्हणूनच तोड निघेना. एकजण चुकला असता तर माफी मागून मोकळा झाला असता. दोघे बरोबर असले की कुणी काय मागायचं? थोरल्यांनी दुकानातला आपला अर्धा भाग आवरला आणि डोंगरापलीकडच्या गावात बिऱ्हाड केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभही शाबूत होता आणि पीळही.

अबोला असा रुजला असताना एका सकाळी पंचाईत झाली. डोंगरावर पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळण घेतो, तिथून दोन्ही अंगांचा मुलूख दिसतो. भावोजी कामाला जाण्याआधी तिथे गाडी लावून हवा ऐकत बसायचे, कारण खाली आमच्या गल्लीत डोंगर आडवा येऊन काही म्हणजे काही पोचायचं नाही. त्या सकाळी स्पीकरमधून थोरल्यांचा आवाज आला. ते आपल्या घरून, कुणा एकाला नव्हे तर सगळ्यांनाच, हाक देत होते: कुणी ऐकत असेल तर उत्तर द्यावं. आता हाक आली तर तो कोण हे न बघता उत्तर द्यायचं हा नियम, आणि नियम शिकवणारा हाच माणूस. भावोजींनी बटन दाबून आपलं सांकेतिक नाव सांगितलं. ते थोरल्यांना पाठ होतं. परीक्षेला त्यांनीच हाताला धरून नेलं होतं. बराच वेळ नुसती खरखर. मग थोरले म्हणाले, "आपला सिग्नल दमदार आहे. पाच-नऊ. आमच्याकडे हवा कोरडी आहे. ओव्हर."

पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. शब्द किती स्पष्ट त्याला पाच, जोर किती त्याला नऊ. थोरल्यांनी धाकट्याला उभ्या जन्मात दिलेले हे पहिले पूर्ण मार्क. त्या दिवशी भावोजींनी एका बाईंच्या मशीनला तेल दोनदा घातलं, असं त्या बाई अजून सांगतात.

तेव्हापासून रोज सकाळी. जमिनीवर अबोला, हवेत गप्पा. हवेत दोघे एकमेकांना ओळखत नसत. 'आपण', 'आपला भाग', 'आपल्याकडचे ढग'. दोन संस्थानांचे वकील बोलत असावेत अशी अदब. थोरल्यांच्या मुलीला मुलगी झाली तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घरात एक नवीन ट्रान्समीटर आला आहे. रात्रभर चालू असतो आणि दुसऱ्याचं ऐकून घेत नाही." भावोजी म्हणाले, "आमच्या स्टेशनकडून अभिनंदन." ताईने झबलं शिवलं आणि पाठवणाऱ्याचं नाव न घालता टपालाने रवाना केलं. पुढे हवेतून कळलं की नव्या ट्रान्समीटरचं कव्हर मापात बसलं.

मी एकदा म्हटलं, भावोजी, एवढं बोलता, तर एकदा 'दादा' म्हणून मोकळे व्हा की. ते असे दचकले की जणू मी त्यांना भर रस्त्यात सदरा काढायला सांगितलं. "हवेत घरगुती बोलायचं नसतं," म्हणाले.

फोन त्यांनी एकदाच करून पाहिला होता, थोरल्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. तिकडून "हॅलो" आलं, भावोजींनी "दादा" म्हटलं, आणि थोरल्यांनी आपल्या खणखणीत, लाखात ओळखू येणाऱ्या आवाजात सांगितलं की राँग नंबर. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी तोच आवाज म्हणाला, "आमच्या डोळ्याचं काम नीट झालं. कुणी चौकशी करत असेल, म्हणून सांगितलं. ओव्हर."

असं सुरळीत चाललं होतं. मग गाडीची बॅटरी मेली.

बॅटरीवाल्याने नवी बसवली, जुन्या तारा जोडल्या, बॉनेटवर थाप मारून "आता बघायला नको" म्हणाला. दुसऱ्या सकाळी सेट चालू झाला, थोरल्यांचा आवाज आला, भावोजींनी बोलायला बटन दाबलं, तोच सेटच्या तोंडावरचा उजेड मंदावला आणि सेट गप झाला. बटन सोडलं. सेट पुन्हा जागा, थोरले बोलतायत. दाबलं, मेला. सोडलं, जिवंत. ऐकू सगळं येत होतं. तोंड उघडलं की प्राण जायचा. लग्न झालेल्या माणसाला यात नवं काही नाही, असं मी म्हणालो, पण भावोजी हसण्याच्या स्थितीत नव्हते.

माझ्या घरी रंगकाम चालू होतं म्हणून मी तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, आणि आयता सापडलो. भावोजींनी मला समजावून सांगितलं की ऐकायला सेटला घोटभर वीज पुरते, बोलायला बादलीभर लागते. बॅटरीपासून सेटपर्यंत वाटेत कुठेतरी नळी चोंदली आहे. घोट येतो, बादली भरत नाही. कुठे चोंदली ते शोधायचं. मी विचारलं, सापडेल? म्हणाले, न सापडायला काय झालं, बिघाड काय पळून जातोय? आणि त्यांनी शोध सुरू केला तो नेमका अँटेनापासून, जिचा बॅटरीच्या वाटेशी सुतराम संबंध नाही. कारण थोरले अँटेनावाले. थोरल्यांच्या मते जगातले निम्मे बिघाड अँटेनात असतात आणि उरलेले लोकांच्या डोक्यात.

अँटेनाचं बूड घासलं. केबलचा सांधा नव्याने जोडला. मी मीटर धरला, उलटा. फ्यूज काढून उजेडासमोर धरले, ठणठणीत. माईक उघडला, पुसला, बंद केला, एक स्क्रू उरला. तो उरलेला स्क्रू शोधायला पुन्हा उघडला, तेव्हा दोन उरले. बॅटरीवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, बॅटरी नवी, गॅरंटी माझी, रोग तुमच्या डब्यात. घरी ताई म्हणाली, मशीनवाल्याच्या घरचं मशीन कायम अडकलेलं असतं तसंच हे.

आणि रोज सकाळी आम्ही टाकीपाशी. भावोजी ऐकत बसायचे. थोरले आधी अदबीने म्हणाले, "आपलं स्टेशन आज ऐकू आलं नाही." मग काही दिवसांनी, "आपलं स्टेशन बरेच दिवस ऐकू येत नाही. प्रकृती ठीक असावी." भावोजींनी बटन दाबलं, सेट मेला, तरी ते बटन तसंच धरून मेलेल्या माईकमध्ये सगळं बोलले: प्रकृती ठीक आहे, सेट बिघडला आहे, शोधतो आहे, काळजी नसावी, ओव्हर. बटन सोडलं. सेट जागा झाला आणि थोरले स्वतःशीच म्हणत होते, "कुणी नाही."

मग तो शुक्रवार आला. मी शेजारच्या सीटवर होतो, म्हणून कानांनी ऐकलं.

"आपण ऐकता आहात की नाही, ठाऊक नाही," थोरले म्हणाले. "मुलगी मला तिच्याकडे घेऊन चालली आहे. समुद्रापलीकडे. तिथे उंच इमारतीत अँटेना लावू देत नाहीत. रविवारी दुपारी निघायचं. सकाळी इथला खांब उतरवायचा आहे."

खरखर झाली. आम्हाला वाटलं संपलं. मग ते पुन्हा आले, आणि इतक्या वर्षांचं 'आपण' वाटेत कुठेतरी सांडून आले.

"शिडी धरायला माणूस हवाय. तू येशील का? ओव्हर."

भावोजींनी बटन दाबलं. उजेड गेला. सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं झालं. मध्येच एकदा सेट जागा असताना थोरल्यांचा आवाज आला, "मी ऐकतोय." मग पुष्कळ वेळाने, "बरं. समजलो."

घरी ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. आत्ताच्या आत्ता करा म्हणाली. भावोजी फोनकडे बघत बसले. "त्याने हवेत विचारलंय," म्हणाले. "फोनवर तो विचारणारच नाही. फोनवर तो राँग नंबर आहे."

ताईने स्वतः नंबर लावला. तिच्याशी थोरल्यांचं कधीच वाकडं नव्हतं. तिची चौकशी केली, माझीसुद्धा केली. ताईने सांगितलं, दादा, ह्यांचा सेट बिघडलाय, ऐकू येतं पण बोलायला गेलं की बंद पडतो, ते रविवारी येतील शिडी धरायला. तिकडून थोरले म्हणाले, कसली शिडी? मी कुणाला बोलावलेलं नाही. इथल्या एका रंगाऱ्याला सांगितलंय, त्याच्याकडे शिडी आहे, तो बघेल.

ताईने फोन ठेवला. भावोजींच्या तोंडावर दुःख होतं आणि त्याच दुःखाच्या मागून 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हेही डोकावत होतं. त्यांच्या घराण्यातले सगळे पुरुष असेच. बुडता बुडताही म्हणतील, पाणी खोल आहे हे मी आधीच सांगितलं होतं.

"मग नुसते जाऊन उभे राहा," ताई म्हणाली. "शिडी धरायला तोंड लागत नाही, हात लागतात."

इतकं शहाणपणाचं वाक्य त्या घरात वर्षानुवर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, आणि म्हणूनच ते वाया गेलं. भावोजींचं गणित वेगळं होतं. त्याने विचारलं आणि मी गप्प राहिलो, असं त्याच्या हिशेबी झालं आहे. आता तसाच दारात उभा राहिलो तर तो म्हणणार, दया आली म्हणून आला. आधी उत्तर पोचलं पाहिजे. ज्या वाटेने प्रश्न आला त्याच वाटेने. 'येतो' म्हणायचं, आणि मग जायचं. त्यासाठी सेट दुरुस्त व्हायला हवा. अजून उद्याचा दिवस आहे.

शनिवारी सकाळी टाकीपाशी थोरल्यांचा आवाज पुन्हा कडक इस्त्रीचा झाला होता. 'आपण' परत आलं होतं. "हे स्टेशन उद्या खांब उतरेपर्यंत चालू राहील," म्हणाले. "दिवसभर कानाशी असेल. काम भागेल इतकी ताकद पुरे असते, हे आपण जाणताच. ओव्हर."

भावोजी लाल झाले. आमच्या पन्नास वॉटला टोमणा, म्हणाले. जाता जातासुद्धा मास्तरकी सोडत नाही. आणि त्या रागातच त्यांनी गाडी खाली आणून अंगणात तिची आतडी बाहेर काढली. सीट बाहेर, चटई बाहेर, बॉबिनची खोकी ओळीने भिंतीला. तारेची प्रत्येक वीत त्यांनी बोटांनी चाचपली. मी मीटर आता सुलटा धरायला शिकलो होतो, पण त्याचा कुणाला उपयोग नव्हता. संध्याकाळी बॅटरीवाला चक्कर मारून गेला, सगळं बघून म्हणाला, गाडी विकायची आहे का?

सापडलं ते रविवारी सकाळी. सेटकडून येणारी काळी तार बॅटरीजवळ गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली असते. सेटची वीज फिरून परत जाते ती त्या पत्र्यातून. अर्थ म्हणतात त्याला. नवी बॅटरी बसवताना तो बोल्ट हलला होता आणि त्याच्याखाली गंजाचा एक पापुद्रा होता, नखाने निघेल एवढा. भावोजींनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, सेटचं बटन दाबलं. उजेड ढळला नाही. मीटरचा काटा उठून टोकाला गेला. "पन्नास," ते म्हणाले. "पूर्ण पन्नास." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ताई ओरडत होती की सीट बसवा, सीट बसवा, उभ्याने चालवणार का गाडी?

सीट एका बाजूने बसवून आम्ही टाकीपाशी पोचलो. ताई मागे बॉबिनच्या खोक्यांवर. भावोजींनी थोरल्यांचं सांकेतिक नाव घेतलं, आपलं घेतलं, आणि पन्नास वॉटच्या आवाजात सांगितलं की येतो. शिडी धरायला येतो. ओव्हर.

खरखर.

पुन्हा सांगितलं. पुन्हा. तिसऱ्या खेपेला ते हवेत, सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं, "दादा" म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. ताई मागून हळूच म्हणाली, "गाडी पलीकडे उतरवा."

थोरल्यांचं घर गावाच्या कडेला, बसकं, हिरव्या दाराचं. खांब उतरला होता. त्याचे नळ अंगणात शेजारी शेजारी निजवले होते. भिंतीला शिडी लावलेली, शिडीवर रंगारी, केबलचे खिळे उपटत असलेला. भावोजी गाडीतून उतरले, कुणाकडे न बघता सरळ गेले आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

रंगाऱ्याने खाली वाकून बघितलं. "काका, सोडा की. ती बांधलेली आहे."

खरंच बांधली होती. खिडकीच्या गजाला, अँटेनाच्या जुन्या केबलने, वेढ्यावर वेढा देऊन. ती शिडी हत्तीने ढकलली तरी हलली नसती. भावोजींनी हात काढले नाहीत. रंगारी उतरला, शिडीखालून वाकून, त्यांच्या काखेखालून निघून गेला. ते रिकामी शिडी धरून उभे.

थोरले दारातल्या एका बांधलेल्या खोक्यावर बसले होते. काठी मांडीवर आडवी. केस पार पांढरे. दोघांची गाठ इतक्या वर्षांनी पडत होती, आणि दोघांपैकी बोलायची पाळी कुणाची हे ठरवायला मध्ये 'ओव्हर' म्हणणारं कुणी नव्हतं.

"सेट बिघडला होता," भावोजी शेवटी म्हणाले, शिडीला.

"हं."

"ऐकू येत होतं. बोलायला गेलं की बंद पडायचा. अर्थ गंजला होता."

"माझं ऐकू आलं?"

"पाच-नऊ."

थोरल्यांनी काठीची मूठ अंगठ्याने घासली. "पन्नासवर बंद पडायचा?"

"हो."

"आणि पाचवर?"

भावोजींनी तोंड उघडलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड त्या सेटसारखाच मंदावत गेला.

"तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं तेव्हाच मला कळलं," थोरले म्हणाले. "ऐकतो आणि बोलताना मरतो, म्हणजे वीज कमी पडतेय. पाच वॉटला कितीशी वीज लागते? टाकीवरून इथवर पाचात आरामात येतं. काल दिवसभर सेट कानाशी धरून बसलो. आज सकाळीही बसलो. म्हटलं, बारीक आवाजात का होईना, येशील."

मग ते ताईकडे वळले, तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, चहाचं सामान बांधून टाकलं गं, नाहीतर केला असता. थोरल्यांची मुलगी टॅक्सी घेऊन आली. भावोजींनी शिडी सोडली आणि सामान उचललं, जड ते आधी. टॅक्सीत बसताना थोरल्यांना आखूड पाय आत घ्यायला वेळ लागला. भावोजींनी दार धरून ठेवलं. थोरले म्हणाले, "असेल. बिघडला असेल." एवढंच. टॅक्सी गेली. रंगाऱ्याने विचारलं, हे नळ कुणाचे, तुम्ही नेताय का?

ते छोटं बटन म्हणजे काय, हे मला परतीच्या वाटेवर कळलं, टाकीच्या वळणाला, भावोजींनी गाडी थांबवून त्याच्यावरचा पारदर्शक कागद नखाने सोलून काढला तेव्हा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या अगदी जिभेवर आली होती. मी ती गिळली. मला सुचत नाही असं क्वचित होतं. सुचून गिळावं लागतं असं त्याहून क्वचित. मी एवढंच विचारलं, दाबायचं सुचलंच नाही? म्हणाले, "पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, सिग्नल दमदार आहे."

आता माझ्या घराचा रंग कधीचा वाळला. ताईकडे जातो तेव्हा बघतो. सेट उत्तम चालतो. भावोजी अजून सकाळी टाकीपाशी जाऊन पाच वॉटवर हाक देतात. ती पलीकडच्या गावापर्यंत आरामात जाते, हे खरं. तिथे आता कुणाकडे सेट नाही, हेही खरं. एकदा कुणा ट्रकवाल्याने थांबून विचारलं की गाडी बंद पडली का, ढकलू का?

थोरले ताईला फोन करतात. ती फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करते. तिकडची हवा कशी, ढग कसे, इमारतीच्या गच्चीला कुलूप कसं, ते सगळं सांगतात. भावोजी शेजारी बसून ऐकतात. ताई फोन त्यांच्यापुढे सरकवते. ते फोनच्या कडेवरून अंगठा फिरवतात, जिथे माईकला बटन असतं तिथे. तिथे काही नसतं. मग फोन ते तिच्याकडे परत सरकवतात. तिकडून थोरले विचारतात, आवाज नीट येतोय ना? ताई म्हणते, हो दादा, येतोय.

"पाच-नऊ," भावोजी म्हणतात, मिठाच्या बरणीला.